पाच वर्षांचा खेळ, तीन महिन्यांचा हिशोब

७ डिसेंबर १९८२ रोजी दुपारी न्यूयॉर्कमध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्स या कंपनीने एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध केले. तिच्या मालकीच्या अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या विक्रीत ५० टक्के वाढ अपेक्षित होती. ती १० ते १५ टक्केच होईल, एवढाच त्याचा मथितार्थ. विक्री घटल्याचे किंवा तोटा झाल्याचे त्यात कुठेही नव्हते. वाढ ठरल्यापेक्षा कमी होती, इतकेच. तरीही वॉर्नरच्या समभागाची किंमत लगोलग सुमारे एक तृतीयांशाने कोसळली. निवेदन बाहेर पडण्याच्या २३ मिनिटे आधी अटारीचे प्रमुख रे कासार यांनी स्वतःकडील ५,००० समभाग विकले होते. अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने त्यांच्यावर आतल्या माहितीचा लाभ घेतल्याचा आरोप ठेवला. तो मान्य किंवा अमान्य न करता कासार यांनी त्या व्यवहारातील नफा परत केला.

ही ४० वर्षांहून जुनी घटना आज आठवण्याचे कारण आहे. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या गेम स्टुडिओंतून वीस हजारांहून अधिक माणसांच्या नोकऱ्या गेल्या. बेंगळुरू, पुणे आणि मुंबई येथील अनेक अभियंते व चित्रकार याच उद्योगाच्या साखळीत काम करतात. त्यामुळे ही बातमी केवळ परदेशातील म्हणून बाजूला ठेवता येत नाही. ‘गेम चालला नाही, म्हणून माणसे गेली’ हे तिचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण. इतिहास मात्र त्याला फारशी साथ देत नाही. उत्तम चाललेल्या गेमनंतरही माणसे गेली आहेत आणि साफ पडलेल्या गेमनंतरही काही ठिकाणी ती टिकली आहेत. गेम घडायला लागणारा काळ आणि त्यात गुंतलेल्या पैशाला उत्तर द्यावे लागते तो काळ, या दोहोंतील अंतर पाहिल्याखेरीज या घटनांचा उलगडा होत नाही.

आरंभी असे अंतर नव्हते, कारण पैसाच नव्हता. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. मॅनहॅटन प्रकल्पात इलेक्ट्रॉनिक्सचे काम केलेल्या या गृहस्थांपुढे प्रश्न साधाच होता: प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये, यासाठी काय करावे? चेंडूचा मार्ग काढायला ॲनालॉग संगणक होता आणि बाकीची सामग्री हाताशी होतीच. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनानंतर यंत्राचे भाग सुटे करून इतर कामांना लावण्यात आले. हिगिनबॉथम यांनी पेटंट घेतले नाही. १९६२ मध्ये एमआयटीतील तरुणांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ रचला, तोही हौसेखातर.

भांडवलाची गरज भासली ती खेळ घरोघरी न्यायचा ठरल्यावर. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या अटारीकडे घरच्या टीव्हीला जोडायच्या नव्या कन्सोलची योजना होती, पण ते कारखान्यात मोठ्या संख्येने बनवण्याइतका पैसा नव्हता. १९७६ मध्ये वॉर्नरने ही कंपनी २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. सहाच वर्षांत चित्रपट आणि संगीताच्या या बलाढ्य समूहाचा निम्म्याहून अधिक नफा एकट्या अटारीकडून येऊ लागला. समूहाच्या दृष्टीने ही भाग्याची गोष्ट होती. पण आता अटारीची प्रत्येक तिमाही ही वॉर्नरची तिमाही झाली होती.

या समृद्धीतच एक ठिणगी पडली. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे अटारीचे चार प्रोग्रामर. कोणत्या गेमची किती विक्री झाली याची यादी त्यांच्या हाती आली, तेव्हा विकल्या गेलेल्या कार्ट्रिजपैकी निम्म्याहून अधिक आपणच रचलेल्या गेमच्या आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. पुस्तकाच्या लेखकाला किंवा गायकाला मिळते तसे मानधन आणि वेष्टनावर नाव, एवढी मागणी घेऊन ते कासार यांच्याकडे गेले. कार्ट्रिज जुळवणाऱ्या कामगाराइतकेच तुमचे महत्त्व, असे उत्तर आपल्याला मिळाल्याचे क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. १९७९ मध्ये हे चौघे बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. करमणुकीच्या धंद्यात कसबी माणसाने फारकत घेणे नवे नाही. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास अशाच फारकतींनी भरलेला आहे.

१९८२ च्या उन्हाळ्यात वॉर्नरने ‘ई.टी.’ या चित्रपटावर गेम काढण्याचे हक्क दोन कोटींहून अधिक डॉलरना मिळवले. नाताळच्या बाजारात गेम आलाच पाहिजे, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरला जेमतेम पाच आठवडे मिळाले. त्याआधीच्या त्याच्या गेमला सहा-सात महिने लागले होते. गेम वेळेवर आला, लाखो प्रतींनी खपला आणि त्याहून अधिक प्रती पडून राहिल्या किंवा परत आल्या. वॉरशॉच्या कौशल्याबद्दल पुढे पुष्कळ थट्टा झाली. ती अन्याय्य आहे. पाच आठवड्यांचा आकडा त्याने ठरवलेला नव्हता. तो नाताळच्या तारखेवरून मागे मोजत काढलेला होता.

त्यानंतरचा घटनाक्रम झपाट्याचा आहे. फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने कॅलिफोर्नियातील १,७०० कामगारांना काढून टाकले आणि उत्पादन हाँगकाँग व तैवान येथे हलवले. सप्टेंबरमध्ये न विकलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतील ॲलमोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरण्यात आला. वर काँक्रीट ओतले गेले. त्या वर्षी अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या पुढे गेला. १९८४ च्या जुलैत वॉर्नरने तिचा घरगुती कन्सोल आणि संगणकांचा व्यवसाय विकून टाकला. २०१४ च्या एप्रिलमध्ये तो खड्डा उकरण्यात आला, तेव्हा सुमारे १,३०० कार्ट्रिज बाहेर निघाल्या. पुरलेल्यांची संख्या सात लाखांहून अधिक होती, असे ते काम करवून घेणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितले.

या खड्ड्याकडे गंमत म्हणून पाहिले जाते. वास्तविक तो हिशोबाचा एक पुरावा आहे. १९८३ मध्ये गेम कंपनीचा बराचसा पैसा प्लॅस्टिक, चिप आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत अडकलेला असे. अंदाज चुकला की माल उरे, आणि उरलेला माल गाडता येई. कामावरून गेले ते बहुतांशी जुळणी करणारे कामगार, म्हणजे ज्यांच्याशी कासार यांनी प्रोग्रामरांची तुलना केली होती तेच. आजच्या मोठ्या गेमचा पैसा कशात अडकलेला असतो?

याचे उत्तर २०२३ मध्ये अनपेक्षितपणे उजेडात आले. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी घेऊ नये, यासाठी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने न्यायालयात दावा लावला होता. त्यात सोनीने सादर केलेल्या कागदांतील गोपनीय आकडे काळ्या शाईच्या पेनाने झाकलेले होते. कागद स्कॅन झाल्यावर शाईखालचे आकडे वाचता येऊ लागले. ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ या गेमला सुमारे २२ कोटी डॉलर, ७० महिने आणि ऐन भरात २०० माणसे लागली होती. ‘होरायझन फोरबिडन वेस्ट’ला सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर, पाच वर्षे आणि ३०० माणसे. आता साधा भागाकार करावा. पहिल्या गेमचा खर्च दर माणशी दर महिना सुमारे १५,७०० डॉलर येतो, दुसऱ्याचा सुमारे ११,८००. माणसांची संख्या ऐन भरातील असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून थोडा वर असणार. तरीही अमेरिका आणि नेदरलँड्समधील अनुभवी अभियंत्याचे वेतन, विमा, कर, जागेचे भाडे आणि संगणक यांची बेरीज याच पट्ट्यात येते. म्हणजे गेमचा खर्च जवळजवळ पूर्णपणे माणसे गुणिले महिने एवढाच आहे. कारखाना नाही, कच्चा माल नाही, गोदाम नाही. पुढच्या तिमाहीतला खर्च कमी करायचा झाला तर फिरवता येईल अशी खुंटी एकच उरते.

आकड्याची व्याप्ती ध्यानात यावी म्हणून एक तुलना. हिंगोली जिल्ह्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हाच्या दराने ते ३२ कोटी डॉलरच्या आसपास होते. सोनीच्या ‘स्पायडर-मॅन २’ या एका गेमचा खर्च, इन्सोम्नियाक स्टुडिओतून चोरीला गेलेल्या आणि २०२३ च्या डिसेंबरात बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार, ३० कोटी डॉलरच्या घरात होता. वेधशाळेच्या वाट्याला विलंब आणि दप्तरदिरंगाई येते. पण तिसऱ्या तिमाहीत लहरी सापडल्या नाहीत म्हणून तिच्या गटातील एक-दशांश माणसांना कोणी घरी पाठवत नाही.

खर्च असा फुगत असताना दोन्ही घड्याळे जुळवून घेण्याचा पहिला मार्ग म्हणजे माणसांचे तास वाढवणे. २००४ च्या नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने लिहिलेल्या निनावी पत्राने आठवड्याचे सातही दिवस चालणारी ही वेठ जगापुढे आणली. पुढच्या दोन वर्षांत कंपनीने अतिरिक्त कामाच्या मोबदल्याचे दावे मिटवण्यासाठी दोन टप्प्यांत तीन कोटींहून अधिक डॉलर दिले. दुसरा मार्ग स्वस्त पैशाचा. मार्च २०२० पासून दोन वर्षे अमेरिकेचा मूळ व्याजदर शून्यालगत होता आणि घरात अडकलेले लोक पूर्वी कधी नव्हे इतके खेळत होते. पैसा स्वस्त असला की लांबचे फळ जवळचे वाटते. पाच वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत शून्य टक्के व्याजाने १०० रुपयेच राहते. साडेपाच टक्क्यांनी ती साडेशहात्तरच्या आसपास उतरते. जुलै २०२३ पर्यंत अमेरिकेचा दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर पोचला होता. गेम तोच, माणसे तीच, पडद्यावर काहीही बदललेले नाही. तरीही कागदावर त्याची जवळजवळ चौथाई किंमत नाहीशी झाली.

हे सर्वांत स्पष्ट दिसले ते स्वीडनमधील एम्ब्रेसर समूहात. लार्स विंगेफोर्स यांच्या या कंपनीने स्वस्त पैशाच्या काळात स्टुडिओमागून स्टुडिओ घेतले. त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. पुढचा पैसा येणार होता तो सुमारे दोन अब्ज डॉलरच्या एका करारातून. २४ मे २०२३ रोजी, तोंडी ठरलेला तो करार समोरच्या पक्षाने मोडल्याचे एम्ब्रेसरने जाहीर केले आणि एका दिवसात समभाग ४० टक्क्यांहून अधिक पडला. जूनमध्ये ‘पुनर्रचना’ आली. ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतील व्होलिशन हा ३० वर्षांची परंपरा सांगणारा स्टुडिओ बंद झाला. वर्ष संपेपर्यंत समूहातून १,३८७ माणसे गेली. व्होलिशनचा शेवटचा गेम फसला होता हे खरे. पण त्यामागोमाग जानेवारी २०२४ मध्ये आयडॉस माँट्रियलच्या ९७ जणांना काढले गेले आणि दोन वर्षे चाललेला एक गेम रद्द झाला. तो अजून बाजारात आलेलाच नव्हता, म्हणजे तो पडलाही नव्हता.

मायक्रोसॉफ्टचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तिथे पैशाची चणचण नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्ज डॉलरना घेतली. मानधनासाठी भांडून निघालेल्या चौघांची कंपनी अशा रीतीने जगातील सर्वांत मोठ्या समूहांपैकी एकात विलीन झाली. तीन महिन्यांनी, २५ जानेवारी २०२४ रोजी, गेम विभागातून १,९०० जणांना कमी करण्यात आले. मे महिन्यात टोकियोतील टँगो गेमवर्क्स बंद झाला. त्याच्या ‘हाय-फाय रश’ या गेमचे आदल्याच वर्षी समीक्षकांनी आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने कौतुक केले होते. ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तो स्टुडिओ वाचवला. भारतीय खेळाडू क्राफ्टनला बीजीएमआयमुळे ओळखतात.

हे सारे अटळच होते का? २०१४ च्या आरंभी निन्टेन्डोचा वी यू हा कन्सोल सपशेल फसला आणि नफ्याऐवजी तोट्याचे भाकीत करावे लागले. अध्यक्ष सातोरू इवाता, जे स्वतः प्रोग्रामर होते, त्यांनी पाच महिन्यांसाठी आपले वेतन निम्मे केले आणि गेम घडवणाऱ्यांना हात लावला नाही. तीन वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, याच माणसांनी ‘स्विच’ बाजारात आणला. इवातांची थोरवी मान्य करूनही दोन गोष्टी जोडायला हव्यात. जपानी कायद्यात कायम कर्मचाऱ्याला काढणे अतिशय अवघड आहे. आणि त्याच वर्षी निन्टेन्डोच्या युरोपीय शाखेने १३० जणांना कमी केले. सद्भाव होता, पण त्याच्या मागे कायदा आणि गंगाजळीही होती.

भारतात या घड्याळाचा ठोका जरा उशिरा आणि भिंतीपलीकडून ऐकू येतो. १९९७ मध्ये राजेश राव यांनी बेंगळुरूत ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी सुरू केली. देशातील पहिल्या गेम कंपन्यांपैकी ती एक. परदेशी प्रकाशकांच्या मोठ्या गेमसाठी मोटारी, इमारती आणि पात्रे यांची त्रिमितीय प्रतिरूपे घडवणे, हे तिचे मुख्य काम झाले. जवळपास दोन दशके कंपनी टिकली आणि तिच्यातून एक पिढी शिकून निघाली. २०१६ च्या अखेरीस स्वीडनच्या स्टारब्रीझने तिची बहुसंख्य मालकी घेण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०१८ मध्ये स्टारब्रीझचा ‘द वॉकिंग डेड’वर आधारित महत्त्वाकांक्षी गेम आपटला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात कंपनीने न्यायालयाकडे पुनर्रचनेचे संरक्षण मागितले. कर्ज फेडायला जे जे विकता येईल ते विकायला निघाले. त्यात ध्रुवही होती. मे २०१९ मध्ये ती ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ घडवणाऱ्या रॉकस्टारने घेतली. स्टॉकहोममध्ये फसलेल्या एका गेमसाठी बेंगळुरूतील काही शेकडा माणसांचा मालक सहा महिन्यांत बदलला. या वेळी नवा मालक धट्टाकट्टा होता, म्हणून निभावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सचा टेक्निकलर समूह कोसळला, तेव्हा तसे झाले नाही: त्याच्या गेम विभागाला खरेदीदार मिळाला, पण बेंगळुरू आणि मुंबईत चित्रपटांचे दृश्य-परिणाम घडवणारे हजारो कलावंत एका झटक्यात रस्त्यावर आले.

पुण्याची कथा वेगळी आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने २००८ मध्ये तिथला स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा काढला. या दोघांकडे २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती सोपवली गेली. एवढ्या नावाच्या गेमचे नेतृत्व भारतीय स्टुडिओंकडे येणे ही मोठी बाब होती. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली. प्रकाशनाची तारीख २१ जानेवारी २०२१, नंतर १८ मार्च. युबिसॉफ्टचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि दोन्ही तारखा त्याच्या आत बसत होत्या. झलक पाहून चित्रणावर टीका झाली, तारीख बेमुदत पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे देण्यात आले. जे शिकायला आणखी दोन वर्षे मिळाली असती, ते शिकणे तिथेच थांबले.

या व्यवहारात गमावले जाते त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते की यंत्राची माहितीपुस्तिका आणि यंत्र चालवणाऱ्याचे हात, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गेमचेही तसेच. २०१२ मध्ये कोनामीने ‘सायलेंट हिल’च्या जुन्या गेमची नवी आवृत्ती काढली, तेव्हा अंतिम सोर्स कोडच कंपनीपाशी शिल्लक नव्हता, अपुऱ्या कोडवर काम करणाऱ्या स्टुडिओला पूर्वी सुटलेले दोष पुन्हा नव्याने सोडवावे लागले.

ध्रुवची माणसे ज्या रॉकस्टारमध्ये गेली, तिचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ २०१३ पासून वीस कोटींहून अधिक प्रतींनी खपला आहे. याहून अधिक यश या व्यवसायात फारच थोड्यांना लाभले आहे. रॉकस्टारची मालक असलेल्या टेक-टू कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या एकूण कर्मचाऱ्यांपैकी सुमारे पाच टक्के कमी करण्याचे जाहीर केले. पुढील ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ २०२५ मध्ये येणार होता; तो आधी २६ मे २०२६ वर आणि मग १९ नोव्हेंबर २०२६ वर ढकलण्यात आला. दोन्ही वेळा टेक-टूचा समभाग घसरला.